सावद्याला बंदर नाही, तरी जहाज इथंच भरतं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. केळीची दीड हजार खोकी कंटेनरच्या आत टाकायला एवढा वेळ कशाला, असं जळगाव जिल्ह्यातलं रावेर-सावद्याचं पॅकहाऊस, म्हणजे केळी खोक्यांत भरायची जागा, बघायला आलेले बरेच जण विचारतात.

पूर्वी गोदीतले हमाल जहाजाच्या पोटात उतरून माल रचायचे. आता न्हावा-शेवा बंदरात क्रेन अख्खा कंटेनर उचलते, खोक्याला तिथं कुणाचा हात लागत नाही. रचाईचं ते काम आपल्याकडं आलंय. आणि एकदा सील लागलं की आतली चूक थेट आखातातल्या बंदरावरच दिसते.

४० फुटी रीफरमध्ये, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये, १३ ते १३.५ किलोची साधारण १,५०० खोकी, म्हणजे २० टनांच्या आसपास माल बसतो. थंड हवा खालून, फरशीच्या पन्हाळ्यांतून येते, खोक्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून थंडाव्याच्या मशीनकडं परतते. म्हणून भोकावर भोक यायलाच हवं. छताजवळच्या लाल रेघेवर एकही खोकं गेलं, तर परतीची वाटच बुजते.

खोक्याचा जोर चार कोपऱ्यांत असतो. कोपऱ्यावर कोपरा बसला तर थर उभा राहतो. दोन बोटं जरी सरकला, तरी वरचा भार खालच्याच्या मऊ पोटावर येतो. त्यात आतल्या दमटपणानं पुठ्ठा नरमतो, तळाचं खोकं बसतं, भोकं बंद होतात. तिथली केळी स्वतःच्याच उष्णतेनं वाटेत पिकायला लागते. खोक्यामागं मजुरी ठरवली की हात घाई करणारच. हा दोष हमालाचा नाही, ठरवणाऱ्याचा आहे.

मशीन गरम माल झटकन थंड करत नाही, थंड आलेला थंड ठेवतं, एवढंच. त्यामुळं भरण्याआधी केळीत तापमापीचा काटा खुपसून गराचं तापमान बघतात. १३-१४ अंश हवं. १३च्या खाली गेली तर साल राखाडी पडते, पुढं पिवळा रंगही नीट येत नाही. दार उघडं असेतो मशीन बंद ठेवायचं. नाहीतर बाहेरची गरम, दमट हवा ओढली जाऊन कॉइलवर, म्हणजे मशीनच्या गार नळ्यांवर, बर्फ धरतो.

दाराशी उघडी राहिलेली फरशी पुठ्ठ्यानं झाका. हवा तिथूनच वर पळाली, तर मधल्या थरांना काहीच मिळत नाही.