नऊ क्रमांकाची जर्सी आणि ४३० सामने

रग्बी लीगमधला फॉरवर्ड म्हणजे धडका देणारा आणि धडका झेलणारा गडी. मैदानाच्या मधोमध, जिथे सर्वाधिक मार बसतो, तिथे त्याला राबावे लागते आणि म्हणूनच त्याची कारकीर्द लवकर संपली तर कोणाला नवल वाटत नाही. अशा जागी खेळून कॅमरन स्मिथने २००२ ते २०२० या काळात ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) स्पर्धेत ४३० सामने खेळले, आणि तेही सगळे मेलबर्न स्टॉर्म या एकाच संघाकडून. डॅरेन लॉकियरचा ३५५ सामन्यांचा विक्रम त्याने २०१७ मध्ये मागे टाकला, आणि २०१९ मध्ये ४०० सामने खेळणारा तो पहिला खेळाडू ठरला.

मेलबर्नमधली शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची दुपार. त्यामुळे ऐरोलीच्या कार्यालयात हे सामने मोबाइलवर, तेही आवाज बंद करून पाहावे लागत, आणि शेजारच्या टेबलावरून "ही कसली मारामारी?" असा प्रश्न हमखास येई. खेळ वरवर पाहता मारामारीसारखाच दिसतो, हे मान्य करायला हवे. परंतु चेंडू घेऊन धावणाऱ्याला आडवे पाडले की खेळ थांबत नाही. पडलेला गडी उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सारतो आणि त्याच्या मागे उभा असलेला सहकारी तो उचलून पुढची चाल सुरू करतो. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे जातो. मागे उभा राहून चेंडू उचलणारा हा गडी बहुधा नऊ क्रमांकाचा हुकर असतो, आणि स्मिथ हुकर होता. म्हणजे संघाच्या जवळजवळ प्रत्येक चालीचा पहिला निर्णय त्याचा असे. शिवाय बचावाच्या वेळी मधल्या फळीत उभे राहून धिप्पाड गड्यांना पाडण्याचे काम वेगळेच.

शरीरयष्टी म्हणाल तर त्याच्याकडे पाहून कोणी दबून जावे अशी ती नव्हती. शंभर किलोंच्या वरच्या गड्यांमध्ये तो नव्वदीच्या आसपासचा, आणि वेगाबद्दलही त्याची ख्याती नव्हती. त्याचे खरे बळ पाहायचे तर चेंडूवर वाकतानाचा क्षण पाहावा. त्या क्षणी त्याची नजर नुकतीच पकड सोडून उठणाऱ्या बचावपटूंच्या पायांवर असे: कोण अजून गुडघ्यावर आहे, कोणाचे वजन टाचेवर गेले आहे, कोणाला धाप लागली आहे. मग तो एक-दोन पावले बाजूला सरके, समोरच्या बचावपटूला स्वतःकडे ओढून घेई आणि तो अंगावर येईपर्यंत चेंडू हातातच ठेवून शेवटच्या घटकेला सोडे. ठाण्यातल्या कबड्डीच्या मैदानांवर मुरलेला कोपरारक्षक चढाईपटूचा भार कोणत्या पायावर आहे हे आधी हेरतो आणि मगच घोट्याला हात घालतो. स्मिथचे सारे शहाणपण त्याच जातीचे होते. असे शहाणपण वयाबरोबर झिजत नाही, म्हणूनच वयाच्या सदतिसाव्या वर्षीही तो संघाचा कर्णधार राहू शकला, असे माझे मत आहे.

गुणांचा विक्रमही त्याचाच आहे. हझेम एल मस्री या मागच्या फळीतल्या खेळाडूचे २,४१८ गुण ओलांडून तो २,७८६ वर थांबला. त्यात ट्राय, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण, अवघे ४८ आहेत. बाकी जवळजवळ सगळे गुण १,२९५ गोलांमधून, म्हणजे जागेवरून मारलेल्या किकमधून आले आहेत. ऐंशी मिनिटांच्या त्या धबडग्यात, नुकत्याच कोणाला तरी पाडून उठलेल्या माणसाने श्वास आवरून चेंडू खांबांमधून पाठवायचा, हे काम किती अवघड असते ते पडद्यावर फारसे जाणवत नाही. क्वीन्सलँड राज्याकडून ४२ ओरिजिन (आंतरराज्य) सामने आणि ऑस्ट्रेलियाकडून ५६ कसोटी सामने खेळून, २०१३ व २०१७ चे विश्वचषक कर्णधार म्हणून जिंकून त्याने २०१८ मध्ये प्रातिनिधिक खेळातून अंग काढून घेतले.

सगळ्यांना तो आवडत होता असे मात्र मुळीच नाही. पाडलेल्या गड्यावर हवे तेवढे क्षण रेंगाळून खेळ मंदावण्यात आणि पंचांशी शांतपणे बोलत राहण्यात तो पटाईत होता, आणि विरोधी संघांचे प्रेक्षक त्यासाठी त्याच्या नावाने बोटे मोडत. २००८ मध्ये मानेभोवती घातलेल्या एका पकडीबद्दल त्याच्यावर बंदी आली. तो अंतिम सामन्याला मुकला आणि स्टॉर्म संघ मॅनलीकडून ४०-० असा हरला. त्या बंदीबद्दल स्टॉर्मचे पाठीराखे आजही कुरकुरतात. मला ती योग्यच वाटते.

२०१० चे प्रकरण याहून गंभीर होते. खेळाडूंच्या मानधनाची ठरलेली मर्यादा ओलांडून दुहेरी हिशेब ठेवल्याबद्दल स्टॉर्मची २००७ आणि २००९ ची विजेतेपदे काढून घेतली गेली आणि उरलेला हंगाम गुणतक्त्यात एकही गुण न मिळता खेळण्याची शिक्षा झाली. जिंकूनही हाती काही लागणार नाही हे ठाऊक असताना दर आठवड्याला मैदानात उतरावे लागलेले ते सामने स्मिथच्या खात्यात इतर सामन्यांसारखेच मोजले जातात. त्या ४३० पैकी मला सर्वांत जड वाटतात ते हेच.

नंतर २०१२ आणि २०१७ ची विजेतेपदे आली, आणि तिसरे आले २५ ऑक्टोबर २०२० रोजी. आपल्याकडे त्या दिवशी दसरा होता. करोनामुळे सोसायटीत सोने वाटायला फिरणे बंद, त्यामुळे दुपारी जेवणे आटोपून सामना निवांत पाहता आला. स्टॉर्म संघ मध्यंतराला २२-० असा पुढे होता, तरी पेन्रिथने इतकी मुसंडी मारली की शेवटच्या मिनिटांत स्टॉर्मचे दोन गडी शिक्षा म्हणून बाहेर बसलेले आणि उरलेले अकरा जण कसेबसे २६-२० ची आघाडी सांभाळत होते. सामन्यानंतरही स्मिथने निवृत्तीबद्दल काही सांगितले नाही. नवा हंगाम तोंडावर आला तेव्हा, मार्च २०२१ मध्ये, त्याने ती जाहीर केली. त्यामुळे त्याचा ४८ वा आणि शेवटचा ट्राय नोंदला गेला तो त्या दसऱ्याच्या दुपारी, मध्यंतरापूर्वी.