खिडकी असलेली थैली

बाबांच्या लहानपणी घरात एक पुस्तक होतं. कापसाच्या वावरात एका म्हाताऱ्याची थैली पडते आणि तिच्यात एकेक जनावर राहायला येतं. उंदीर, बेडूक, ससा, कोल्हा, शेवटी चक्क अस्वल. ही गोष्ट ऐकतच मी मोठी झाले. पुस्तकाचं नाव विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं.

"साठ वर्षांनी नाव कसं लक्षात राहीन? पण थैलीला खिडकी होती, हे पक्कं."

"थैलीला खिडकी?"

"मी काय खोटं सांगून राहिलो का?"

यंदा त्यांच्या सत्तरीला ते पुस्तक हातात ठेवायचं मी मनात घेतलं. आधी नागपुरातली बर्डीची बाजारपेठ गाठली. जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यामागून एक काका म्हणाले, "थैलीची गोष्ट? एमपीएससीचं काही पाहिजे असेल तर सांगा ताई." मग वाटलं, 'मुलांचे मासिक' आपल्या नागपुरातूनच निघायचं, त्यात आली असेल. एका वाचनालयात दोन दुपारी शिंकत काढल्या. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवलेत, तेही चाळले. खरं तर पहिला अंक १९७१चा, तेव्हा बाबांना मिसरूड फुटलेलं. म्हणजे तिथं ते पुस्तक सापडणं शक्यच नव्हतं, पण एकदा अंक उघडला की बंद कोण करतो? त्याला शोधकाम म्हणू नये, चैन म्हणावं.

धागा लागला तो जेवताना. बाबा पुन्हा वर्णन करत होते, "जिकडं तिकडं कापूस. झाडांवरसुद्धा कापूस."

"किती उंच झाडं?"

"आभाळाला टेकलेली."

बाबांचं आजोळ हिंगणघाट. बाजारात कापसाच्या गाड्यांच्या रांगा बघत वाढलेला माणूस. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, कुठवर वाढते हे त्यांना मी सांगायचं? हातातला घास तसाच राहिला. तो कापूस नव्हताच, बर्फ होता!

पुढचं काम पाच मिनिटांचं. बर्फ, उंदीर, अस्वल, खिडकी. ती युक्रेनची लोककथा निघाली. जंगलातून जाताना म्हाताऱ्याचा लोकरीचा हातमोजा पडतो आणि थंडीनं काकडलेली जनावरं त्यात घर करतात. येवगेनी राच्योव या चित्रकारानं १९५१ साली काढलेली तिची चित्रं जगभर गेली. चित्रांत प्राण्यांना अंगभर कपडे आहेत. आणि हातमोज्याला खिडकी आहे. बाबांची मनातल्या मनात माफी मागितली.

मॉस्कोत छापलेली अशी पुस्तकं तेव्हा आपल्याकडं पाण्याच्या भावात मिळायची, हिंदीतसुद्धा. आमच्या घरातलं हिंदीच असणार, कारण 'दस्ताना' शब्द उच्चारताच बाबा थबकले. "हो, असंच काहीतरी लिहिलेलं होतं." तोवर ते पुस्तक मराठी असल्याची शपथ घ्यायला तयार होते. त्यांचंही चूक नाही. नागपुरात भाजीवाल्याशी कोणत्या भाषेत भांडलो हे घरी येईस्तोवर आठवत नाही, मग साठ वर्षांमागची गोष्ट कोणत्या भाषेतली हे कुठून आठवणार?

शिवाय बाबांनी ते वाचलंच नव्हतं. तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. वाचून दाखवायची आत्या, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. ती हिंदी वाचत जायची आणि मराठीत सांगत जायची. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात, नागपूरच्या महाल भागातल्या माडीवर, अंगठ्यापुरतं शिंग फुटलेलं ते लोकरीचं गाठोडं काय असेल, हे तिनं कसं ओळखावं? इथं थंडीत फार तर स्वेटर, कानाला मफलर. पांढरं दिसलं तो कापूस, पडलेली दिसली ती थैली.

वाढदिवसाला चित्रं रंगीत छापून, शिवून दिली. बाबा बराच वेळ पहिल्याच पानावर होते. "बर्फ होय हा?" मग हळूच, "म्हणजे म्हातारा वेचणीला आला नव्हता?"

नंतर त्यांनी वर्ध्याला आत्याला फोन लावला. स्पीकरवर सगळी हकीकत सांगितली, दस्ताना म्हणजे हातमोजा हेही समजावलं. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. पण त्यात उंदीर राहत होता ना?"

"होता."

"अस्वल मावलं ना?"

"मावलं."

"मग थैलीच होय ते. ठेव फोन, दूध उतू जाऊन राहिलं."