तुम्ही विचारलंत म्हणून: सायकल सुटी आणून का जोडायची?

‘बाजारात तयार सायकल मिळत असताना तू फ्रेम वेगळी, फोर्क वेगळा, चाकं वेगळी असं आणून घरी का जोडतेस? स्वस्त पडतं का?’ लोक हे मला टेकडीवर विचारतात, चहाला थांबल्यावर विचारतात, फोन करूनही विचारतात. विचारणारे बहुतेक जण हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) चालवून झालेले आणि आता कार्बनच्या फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या, ट्रेल सायकलकडे (डोंगरातल्या कच्च्या वाटांवरच्या) वळलेले असतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी पैशांचं. स्वस्त पडत नाही, महागच पडतं. सायकल कंपनी फोर्क (पुढचं चाक धरणारा, दबणारा भाग), ब्रेक, गिअर घाऊक घेते, आपण एकेक घेतो. तो फरक कुठल्याही सेलमध्ये भरून निघत नाही. तेव्हा पैसे वाचवायचे म्हणून जोडायला घेणार असाल तर नका घेऊ. तयार सायकल घ्या आणि हा लेख निम्म्यातून पुढे, हवेच्या गोष्टींपासून वाचा. तो भाग तुम्हालाही तितकाच लागू आहे.

मी जोडते त्याचं पहिलं कारण माप. माझी उंची पाच फूट तीन इंच आणि वजन ५८ किलो. तयार ट्रेल सायकल सगळ्यात लहान साइझची घेतली तरी तिच्यावर बहुतेक वेळा ७८० मिमीचं हँडल आणि १७० मिमीची क्रँक (पेडलचा दांडा) असते. मला ७४० चं हँडल आणि १६५ ची क्रँक बसते. क्रँक नंतर बदलायची म्हणजे नवी काढून ठेवायची आणि दुसरी विकत आणायची. ब्रेकचंही तसंच. आपल्याकडे मोटरसायकलच्या सवयीने पुढचा ब्रेक उजव्या हाताला लागतो, पण अमेरिकी बाजारासाठीच्या सायकलला तो डावीकडे असतो. बाजू बदलायची तर पाइप सोडा, पुन्हा ओवा, पुन्हा ब्लीड करा (तेल भरून आतली हवा काढा). मागचा पाइप फ्रेमच्या पोटातून जातो, म्हणून जोडतानाच तो हव्या त्या बाजूने घातलेला बरा. तेव्हाच त्याच्यावर फोमची नळी चढवायची. ती नसेल तर पाइप आतून कार्बनवर आपटत राहतो, आणि प्रत्येक दगडावर तो खडखडाट ऐकावा लागतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फुल सस्पेन्शन सायकल विकत घेतल्या दिवशी अर्धीच तयार असते. उरलेली अर्धी तुमच्या वजनाला आणि तुमच्या वाटेला जुळवून घ्यावी लागते. ज्याने ती स्वतः जोडलेली असते त्याला जुळवणी करताना कुठे काय हलतंय ते डोळ्यांपुढे दिसतं. बाकीचे नुसते स्क्रू फिरवत बसतात.

उदाहरण देते. नवी फ्रेम आली की मी सगळ्यात आधी शॉकचे (मागच्या सस्पेन्शनचे) दोन बोल्ट काढून शॉक बाजूला ठेवते आणि मागचा त्रिकोण, म्हणजे मागचं चाक धरणारा फ्रेमचा हलता भाग, हाताने वर-खाली करून बघते. तो स्वतःच्या वजनाने सरसर खाली आला पाहिजे. मध्ये कुठे अडखळला तर एखादं बेअरिंग तिरकं बसलंय किंवा पिव्हटचा (हलत्या सांध्याचा) बोल्ट जास्त आवळलाय असं समजायचं. मग मागचं चाक घालून तेच पुन्हा करायचं, आणि पूर्ण वर गेल्यावर टायर आणि सीट ट्यूब (फ्रेमची सीटखालची नळी) यांच्यात किती जागा उरते ते बघायचं. माझ्या फ्रेमला मागे १३० मिमीचा प्रवास आहे आणि शॉक २१० बाय ५० चा, म्हणजे शॉकचा दांडा ५० मिमी दबतो तेव्हा चाक १३० मिमी वर जातं. सरासरी २.६ पट. शॉकवर एक मिमीचा फरक म्हणजे चाकावर अडीच मिमीहून जास्त. हे हाताने हलवून पाहिलं की शॉक किती दबला ते दाखवणाऱ्या त्याच्यावरच्या छोट्या रबरी रिंगकडे माणूस वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

कार्बनबद्दल एवढंच सांगते. पैसे मोजकेच असतील आणि कार्बन फ्रेमसाठी फोर्क कमी दर्जाचा घ्यावा लागणार असेल, तर ॲल्युमिनियमची फ्रेम घ्या आणि फोर्क चांगला घ्या. कार्बनने वजन उतरतं, चढावर ते जाणवतंही, पण उतारावर तुम्हाला सांभाळतात ते फोर्कमधलं डॅम्पिंग (दबण्या-उसळण्याला आवर घालणारी आतली यंत्रणा), टायर आणि ब्रेक. गिअरवर खर्च सगळ्यात शेवटी. शिमानोचा बारा गिअरचा देओरे आणि त्याच कंपनीचा महागडा एक्सटी यांच्यात वजनाचा आणि सफाईचा फरक आहे, पण देओरेमुळे कोणाची राइड बिघडलेली मी पाहिलेली नाही.

कार्बन जोडायचं तर टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते सांगणारा) लागतोच. ॲल्युमिनियम दबतं, वाकतं, काही झालं तर डोळ्याला दिसतं. कार्बन आतल्या आत तडकतं आणि वरून रंग तसाच राहतो. स्टेमचे (हँडल पकडणाऱ्या भागाचे) बोल्ट साधारण ५ न्यूटन मीटरला आवळायचे. नेमका आकडा स्टेमवरच छापलेला असतो आणि हँडलवर कमी आकडा असेल तर तो पाळायचा. चारही बोल्ट आलटून-पालटून, थोडे थोडे. हँडल आणि स्टेम यांच्यामध्ये ग्रीस कधीच लावायचं नाही. तिथे कार्बन पेस्ट लागते. तिच्यात बारीक खरखरीत कण असतात, त्यामुळे कमी आवळूनही पकड बसते. पिव्हटच्या आट्यांना कंपनी सांगेल तिथे निळं लॉक्टाइट (आटे सैल होऊ न देणारं द्रव), बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक जिथे फिरते त्या बेअरिंगच्या) आट्यांना भरपूर ग्रीस. कॅसेटची (मागच्या दातेरी चक्रांची) रिंग आणि ब्रेकच्या सेंटर-लॉक डिस्कची रिंग ४० न्यूटन मीटर. तिथे मात्र जोर लागतो, आणि स्टेमच्या सवयीने हात आखडता घेतला तर ती रिंग पुढे सैल पडते.

आता हवेकडे येऊ.

सुरुवात टायरपासून करा, शॉकपासून नाही. पुण्याजवळच्या बोपदेव घाटाच्या वर, कानिफनाथच्या बाजूला खाली कातळ, त्यावर मुरूम आणि मधेमधे मुठीएवढे सुटे गोटे असतात. टायर फुगवून टणक ठेवला तर या गोट्यांवर तो नुसता उडतो आणि दोष सस्पेन्शनला जातो. २९ बाय २.४ च्या ट्यूबलेस टायरमध्ये मी पुढे १८ आणि मागे २१ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) ठेवते. तुमचं वजन ८० किलो असेल तर हे आकडे तुम्हाला चालणार नाहीत, रिम दगडावर आपटेल. या पट्ट्यात एक पीएसआयचासुद्धा फरक कळतो, आणि उभ्या पंपावरचा काटा इतक्या कमी हवेला भरवशाचा नसतो. म्हणून छोटा डिजिटल गेज घ्या. ट्यूबलेस का, हे पुण्यात सांगायची गरज नाही. बाभळीचे काटे आहेत तोवर ट्यूब घालून ट्रेलवर जाण्यात अर्थ नाही. फक्त उन्हाळ्यात आतलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) फार लवकर सुकतं, तेव्हा अधूनमधून टायर कानाशी धरून हलवून बघा. आतून पाण्याचा आवाज येत नसेल तर भरा.

मग सॅग, म्हणजे तुम्ही नुसतं वर उभं राहिल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते. हेल्मेट, बूट, पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीसकट मोजायचं, सीटवर बसून नाही, पेडलवर उभं राहून. कोणीतरी पुढचं चाक धरायला हवं. कॉम्प्रेशनचा (सस्पेन्शनचं दबणं अडवणारा) खटका उघडा ठेवायचा, दोन-चारदा दबून सायकल स्थिरावू द्यायची, रबरी रिंग सीलपर्यंत सरकवायची आणि अलगद उतरायचं. मागे २८ ते ३० टक्के, म्हणजे माझ्या ५० मिमीच्या शॉकवर १४ ते १५ मिमी. पुढे १४० मिमीच्या फोर्कवर मी २५ मिमीच्या आसपास थांबते. रिकाम्या शॉकमध्ये हवा भरताना मध्येमध्ये थांबून तो हळूहळू दाबत राहा, नाहीतर आतल्या दुसऱ्या कप्प्यात हवा पोचत नाही आणि आकडा खोटा निघतो. पंप काढून पुन्हा लावला की काटा कमी दाखवतो. शॉक गळतोय म्हणून घाबरू नका, ती हवा पंपाच्या नळीत शिरलेली असते.

सॅग जमला की बहुतेक जण थांबतात. घोटाळा तिथून पुढे होतो, आणि हा सगळा लेख खरं म्हणजे रिबाउंडच्या त्या लाल स्क्रूसाठी लिहितेय.

रिबाउंड म्हणजे दबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत वर येतं ते. नव्या माणसाला सायकल उसळलेली आवडत नाही, म्हणून तो हा स्क्रू आवळून हळू करून ठेवतो. पार्किंगमध्ये दाबून पाहिलं तर सायकल मऊ लागते, भारी लागते. मग गोट्यांच्या उतारावर पहिल्या दगडाला फोर्क दबतो, पूर्ण वर यायच्या आत दुसरा दगड येतो, तिसरा येतो, आणि पाच-सहा दगडांत फोर्क खाली रुतून बसतो. आता पुढच्या दगडासाठी प्रवासच उरलेला नाही. हाताला दणके बसतात. माणसाला वाटतं, सस्पेन्शन कडक आहे, म्हणून तो हवा काढतो. हवा काढली की सायकल आणखी खाली बसते आणि दणके वाढतात. मग तो माझ्याकडे येतो आणि विचारतो, ‘फोर्क बदलू का?’ महागड्या सायकलींवर मला हीच तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि तिच्यावरचा उपाय फुकट आहे: स्क्रू तीन-चार खटके (तो फिरवताना हाताला लागतात ते टप्पे) उघडा आणि काढलेली हवा परत भरा.

हलक्या माणसाने तर याकडे नीट लक्ष द्यायलाच हवं. माझ्या शॉकमध्ये १४० पीएसआय असतात. ८० किलोच्या माणसाला याच शॉकमध्ये पुष्कळ जास्त लागतील. हवा जितकी जास्त तितक्या जोराने ती शॉकला वर ढकलते आणि त्याला आवरायला रिबाउंड आवळावा लागतो. माझ्या हवेत तेवढा जोरच नाही, म्हणून माझा स्क्रू जवळजवळ पूर्ण उघडा असतो. तेव्हा मित्राच्या सायकलवरचे खटके मोजून आपल्या सायकलवर लावू नका. कंपनीच्या तक्त्यात वजनाप्रमाणे आकडे असतात, तिथून सुरुवात करा. स्क्रू पूर्ण उघडूनही शॉक मंदच येत असेल तर तो चांगल्या सर्व्हिस सेंटरला देऊन आतलं डॅम्पिंग हलकं करून घेता येतं. पन्नास-साठ किलोच्या माणसांनी, विशेषतः बायकांनी, हा खर्च नक्की करावा असं माझं ठाम मत आहे.

रिबाउंड ठरवायला दोन-तीन मिनिटांचा एकच उतार निवडा, ज्यावर गोटेही आहेत आणि एखादी पायरीही. आधी स्क्रू पूर्ण उघडा ठेवून उतरा. सायकल लाथाडेल. मग बराच आवळून उतरा. ती मेल्यासारखी खाली बसेल. ही दोन टोकं अंगाला कळली की मधली जागा सापडायला वेळ लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच वहीत लिहायची: तारीख, हवा, खटके, उतारावर काय वाटलं. खटके नेहमी पूर्ण बंदपासून मोजायचे. मोबाइलपेक्षा मला छोटी वही बरी वाटते, ग्रीसच्या हातानेही उघडता येते.

वहीत हवामानही लिहा. दुपारी तीस अंशात घरी १४० पीएसआय भरून ठेवले आणि डिसेंबरात पहाटे दहा अंशात निघालात, तर शॉकमध्ये साधारण १३० च उरतात. हवा कुठे गेलेली नसते, थंड झाल्याने दाब उतरतो. शिवाय थंडीत आतलं तेल घट्ट होतं, म्हणून रिबाउंडही मंदावतो. हिवाळ्यात मी पंप बरोबर नेते आणि जागेवर गेल्यावर मोजते.

व्हॉल्यूम स्पेसर, म्हणजे हवेची जागा कमी करणाऱ्या त्या प्लास्टिकच्या चकत्या, सगळ्यात शेवटी. सॅग बरोबर आहे, रिबाउंड बरोबर आहे, तरी छोट्याशा उडीलासुद्धा सस्पेन्शन तळाला टेकतंय तर एक घाला. सगळ्यात मोठ्या दणक्यालाही शेवटचा इंचभर प्रवास वापरलाच जात नसेल तर एक काढा.

हे सगळं पावसाळ्यापर्यंत टिकतं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पिव्हटच्या बेअरिंगमध्ये शिरतो, म्हणून प्रेशरच्या पाण्याने सायकल धुऊ नका, बादली आणि ब्रश पुरे. दसऱ्याच्या सुमाराला मी शॉक पुन्हा काढते आणि मागचा त्रिकोण पुन्हा हाताने हलवून बघते. खरखर लागली तर बेअरिंग बदलायची. म्हणूनच फ्रेम निवडताना रंग आणि वजन बघायच्या आधी बघा, कंपनीने पिव्हटच्या बेअरिंगचे नंबर दिलेत का आणि ते नेहमीच्या मापांचे आहेत का. ६९०२ सारखा नंबर असेल तर तो गावातल्या बेअरिंगच्या दुकानातही मिळू शकतो. कंपनीचं खास माप असेल तर ते परदेशातून येईपर्यंत अख्खा ऑक्टोबर सायकल भिंतीला टांगलेली राहते, आणि आपल्याकडे ट्रेलवर जायला त्याच्याइतका चांगला महिना क्वचितच मिळतो.