ब्रिस्टलचं बंदर: कॅराव्हॅन बाहेर ठेवा, बंदर पायी बघा

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेऊन जाणार असाल तर ती शहरात नेऊ नका. शहराबाहेरच्या साइटवर लावा, गाडीपासून सोडवा आणि परत निघेपर्यंत तिथेच राहू द्या. आम्ही तसंच केलं. गाडी लाँग ॲश्टनच्या पार्क अँड राइडला ठेवली आणि एम2 बस पकडून बंदराजवळ उतरलो. शहराच्या मध्यभागी नोव्हेंबर 2022 पासून क्लीन एअर झोन आहे, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना पैसे भरावे लागतात असा भाग. युरो 6 या प्रदूषण-मानकाच्या आधीच्या डिझेल कारला तिथे दिवसाला 9 पौंड भरावे लागतात, आणि हा नियम रात्रंदिवस, सातही दिवस लागू असतो. निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून खात्री करून घ्या. आणखी एक, कॅराव्हॅन ओढताना मोटरवेवर ताशी 60 मैलांची मर्यादा आहे, आणि तीन लेन असतील तर सगळ्यात उजवीकडच्या लेनमध्ये जाता येत नाही.

बंदर बघायला ओहोटीची वेळ साधा. वेळापत्रक आदल्या रात्रीच बघून ठेवा. स्पाइक आयलंडवर कंबरलँड रोडच्या दक्षिणेला न्यू कट, म्हणजे नदीसाठी खणलेलं नवं पात्र आहे. ओहोटीला त्याचे काठ उघडे पडतात आणि तपकिरी, चकचकीत, निसरडा चिखल थेट तळापर्यंत उतरत गेलेला दिसतो. तिथून चार पावलं उत्तरेला चाला, तर बंदरातलं पाणी काठोकाठ, स्थिर. एव्हन नदीत भरती-ओहोटीचा फरक 10 मीटरहून जास्त होतो, त्यामुळे पूर्वी जहाजं गाळात रुतून कलंडायची. अभियंता विल्यम जेसपने नदीला न्यू कटमधून वळवलं, जुन्या पात्राला दरवाजे बसवले आणि 1809 मध्ये कायम पाण्यानं भरलेलं बंदर तयार झालं. हे दोन्ही काठ एकापाठोपाठ बघितले की नकाशाशिवाय सगळं उमगतं.

सगळ्यात जास्त वेळ एसएस ग्रेट ब्रिटनसाठी राखा. अभियंता ब्रुनेलचं हे लोखंडी जहाज आज ज्या सुक्या गोदीत उभं आहे, तिथूनच 1843 मध्ये पाण्यात उतरलं. पुढे ते फॉकलंड बेटांजवळ टाकून दिलं गेलं आणि 1970 मध्ये याच गोदीत परत आणलं. जहाजाभोवती पाण्याच्या पातळीवर काचेचं छत आहे, त्यावर पाण्याचा पातळ थर. खाली उतरलात की डोक्यावर लाटांची सावली हलते आणि समोर गंजानं पोखरलेला लोखंडी पत्रा. लोखंडात मुरलेल्या मिठामुळे गंज वाढू नये म्हणून इथली हवा यंत्रांनी कोरडी ठेवतात. प्रत्येक भोक, प्रत्येक ठिगळ दिसतं. मला तिथून पाय काढवेना.

एम शेड वस्तुसंग्रहालय मोफत आहे, साधारणपणे सोमवारी बंद असतं. 2020 मध्ये लोकांनी पाडून बंदरात ढकललेला, गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा आता इथे आडवा ठेवलेला आहे, अंगावरच्या रंगाच्या डागांसकट. तो बघून पेरोज ब्रिजवर जा. नेव्हिस बेटावरून इथे आणलेल्या पेरो नावाच्या गुलामाचं नाव या पुलाला दिलं आहे. पुलावरची दोन मोठी शिंगं पूल उचलताना तोल सांभाळतात. गुलामांच्या व्यापारावर या शहराची श्रीमंती उभी राहिली, हे ध्यानात ठेवूनच धक्क्यावरची देखणी घरं बघावीत असं मला वाटतं.

पाय दुखले की फेरी बोटीत बसा, ती बंदराची लांबी फिरवते.

आपल्या माणसांनी मात्र राजा राममोहन रॉय यांच्यासाठी वेळ काढायलाच हवा. 1833 मध्ये त्यांचं निधन ब्रिस्टलमध्ये झालं. बंदरापासून जवळ, कॉलेज ग्रीनला त्यांचा पुतळा आहे आणि आर्नोज व्हेल दफनभूमीत समाधी. द्वारकानाथ टागोरांनी बांधवलेली ती छत्री इंग्लिश थडग्यांमध्ये उभी असलेली बघून मन भरून येतं. तिकीट नाही. टेंपल मीड्स स्टेशनवरून बाथ रोडने अर्ध्या तासाच्या आत पायी पोचता येतं. समाधी प्रवेशद्वाराजवळच आहे, पण पुढे झाडीत चढ आहे आणि पावसानंतर वाट चिखलाची होते, तेव्हा चांगले बूट घाला.