चोर्ला घाट येतो म्हणून बर्फ येत नाही: बेळगाव ते सिस्सू, स्वतःच्या गाडीनं

परवा रात्री बेळगावला पोहोचलो. खांदे अजून भरलेत. तरी आजच लिहायला बसलोय, कारण आमच्याच गल्लीतली दोन कुटुंबं पुढच्या महिन्यात स्वतःच्या गाडीनं मनालीला निघालीत आणि आम्हाला जे सांगितलं होतं तेच त्यांनाही सांगितलं गेलंय: "बोगदा झाल्यापासून रस्ता बाराही महिने चालू असतोय. तुम्ही तर पावसात चोर्ला घाट (बेळगावहून गोव्याला उतरणारा) चालवणारी माणसं, तुम्हाला काय होतंय?"

या दोन्ही वाक्यांनी आमचा घात केला. बोगदा, म्हणजे मनालीच्या पुढचा अटल बोगदा, चालू असतो हे खरं आहे. बोगद्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता कसा असतो, हे कुणी सांगत नाही. आणि चोर्ला घाटाचा सराव तिथं उपयोगी पडत नाही, उलट नडतो.

आम्ही सहा माणसं, दोन गाड्या. माझी पेट्रोलची छोटी गाडी आणि खानापूरच्या मामांची बोलेरो. निपाणी, पुणे, सुरत, उदयपूर, जयपूर, चंडीगड असं करत मनालीपर्यंत अडीच हजार किलोमीटरच्या आसपास होतात. त्या चार दिवसांबद्दल एवढंच सांगतो की राजस्थान सोडल्यावर पहाटे दाट धुकं लागतं, ऊन वर आल्याशिवाय निघू नका. मनालीतले दोन दिवसही छान गेले. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावाला निघालो. आदल्या दिवशी बर्फ पडलं होतं. सोलंगच्या अलीकडे पलचानला पोलिसांनी थांबवलं आणि स्पष्ट सांगितलं: चारही चाकं ओढणारी गाडी असेल किंवा चाकांना साखळ्या असतील तरच पुढे. रस्त्याच्या कडेला साखळ्या भाड्यानं देणारे उभेच असतात. एका जोडीला, एका दिवसाला, आमच्याकडे तीन हजार मागितले. वर दोन हजार डिपॉझिट. दोन वळणं खाली चालत गेलो तर तसलीच जोडी बाराशेला मिळाली. पोलिसांनी अडवलेल्या जागीच साखळी घेऊ नका. आदल्या संध्याकाळी मनाली बाजारात ठरवा, टायरचं माप सांगून घ्या, आणि दुकानासमोरच एकदा चाकावर चढवून बघा. आमच्या पहिल्या जोडीला एक आकडा (हूक) कमी होता, तो पोरगा तारेनं बांधून देत होता. असली साखळी तुटली की चाकाच्या कमानीत आपटते आणि ब्रेकची नळी तोडू शकते.

पण पैशापेक्षा मोठी चूक पुढची. साखळी लावणाऱ्या पोरानं विचारलं, "आगे या पीछे?" मामा पटकन म्हणाले, "मागंच की." मामांचा आयुष्यभराचा हिशेब ट्रॅक्टरचा आणि बोलेरोचा. दोन्हींना जोर मागच्या चाकांत. त्यांच्या गाडीला मागं लावलेली साखळी अगदी बरोबर होती. माझ्या गाडीला इंजिनाचा जोर पुढच्या चाकांत येतो. आजच्या बहुतेक छोट्या गाड्या तशाच आहेत. मला हे ठाऊक होतं, तरी त्या गर्दीत, मागून हॉर्न वाजत असताना, मी मान डोलावली. साखळी मागच्या चाकांना बसली.

चढताना काही कळलं नाही. ऊन होतं, रस्ता ओला होता, पुढच्या गाड्यांच्या चाकोरीतून गेलो. बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे, ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला. आत कोरडा रस्ता, दिवे, सगळं शिस्तीत. याच जागी माणूस फसतो. दहा हजार फुटांच्या वर आपण आहोत हे आत विसरायला होतं. पलीकडच्या तोंडातून बाहेर पडलं की लगेच चंद्रा नदीवरचा पूल येतो. पुलाला खालून-वरून दोन्हीकडून गार वारा लागतो, त्यामुळे रस्त्याच्या आधी पूल गोठतो. बोगद्यातला वेग घेऊन त्या पुलावर जाऊ नका. बोगद्यातच शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला तिसऱ्या गिअरवर या.

सिस्सूत गाडीचा काटा उणे सहा दाखवत होता. चहा घेतला, फोटो काढले, आणि तिथं चार वाजवले. हा दुसरा गुन्हा.

आता ज्या तुकड्यासाठी हे सगळं लिहितोय तो सांगतो. बोगद्याच्या दक्षिण (मनालीकडच्या) तोंडापासून धुंदी नावाची जागा आणि पुढे सोलंगपर्यंतचा उतार. दुपारी उन्हानं वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहत असतं. चार-साडेचारला डोंगराची सावली पडते आणि तेच पाणी काचेसारखं गोठतं. त्याला ब्लॅक आइस म्हणतात, पण काळं काही दिसत नाही, नुसता ओला डांबरी रस्ता दिसतो. आपल्याकडे ओला रस्ता म्हणजे जूनपासूनची रोजची गोष्ट, म्हणून डोळा सावध होत नाही. २०२४ च्या डिसेंबरात याच पट्ट्यात एका संध्याकाळी शेकडो गाड्या अडकल्या होत्या. ती बातमी मी घरी बसून वाचली होती, तरी हा रस्ता तोच, हे मनात आलं नाही.

एका डाव्या वळणावर पुढची गाडी थांबली. मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थडथडायला लागलं आणि गाडी तशीच जात राहिली. ते थडथडणं म्हणजे एबीएस ही ब्रेकमधली यंत्रणा चाक जाम होऊ देत नाही. चाक जाम झालं नाही म्हणून गाडी थांबते असं नाही. स्टीअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं, गाडी सरळच. मागची चाकं साखळीनं धरलेली, पुढची मोकळी, त्यामुळे वळवायचं काम ज्यांच्याकडे त्यांनाच पकड नाही. वेग विसाच्या आसपास असेल. बायकोनं मागून लेकीला छातीशी धरलेलं आरशात दिसलं. उजवीकडे दरी. रस्त्याच्या कडेला यंत्रानं लोटून ठेवलेला बर्फाचा ढीग होता, गाडीचं नाक त्यात रुतलं आणि थांबलो. तो ढीग नसता तर हे लिहायला मी नसतो.

हिशेब सांगतो, म्हणजे पटेल. कोरड्या डांबरावर ताशी ४० च्या वेगात ब्रेक दाबल्यापासून गाडी साधारण नऊ-दहा मीटरात थांबते. बर्फाच्या काचेवर पकड सातव्या-आठव्या हिश्शावर येते, त्याच वेगाला साठ मीटरहून जास्त लागतात. ताशी २० ला पंधरा-सोळा मीटर, आणि उतारावर त्याहूनही जास्त. ताशी १० ला सपाटीवर चार मीटर. म्हणून त्या उतारावर वेग दहा. मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.

मागून आलेल्या टॅक्सीवाल्यानं उतरून काच वाजवली. "ब्रेक भूल जाओ, पहले गियर में छोड़ दो." साखळी मागं बघून त्यानं कपाळाला हात लावला. भर सावलीत, उघड्या बोटांनी, अर्धा तास खपून त्यानं आणि माझ्या धाकट्या भावानं ती काढून पुढच्या चाकांना लावली. पैसे घेतले नाहीत. नंतर तीच गाडी, त्याच रस्त्यावर, पहिल्या गिअरमध्ये दोन्ही पाय पेडलांवरून काढून, बैलगाडीसारखी सोलंगपर्यंत उतरली.

आता आपल्या माणसांच्या सवयींबद्दल. वंटमुरीच्या नाहीतर स्तवनिधीच्या उतारावर न्यूट्रल टाकून इंधन वाचवायची सवय कितीतरी जणांना आहे. बर्फावर न्यूट्रल म्हणजे गाडी हातातून सोडून देणं. वळणाच्या तोंडाशी येऊन ब्रेक मारायचा ही घाटातली दुसरी सवय. इथं वेग वळणाच्या पन्नास पावलं आधी सरळ रस्त्यावर कमी करायचा आणि वळणात काहीच करायचं नाही, ना ब्रेक, ना ॲक्सिलरेटर. घसरलीच तर पाय काढून घ्या, जिकडे जायचंय तिकडे हळू वळवा आणि वाट बघा. सुटताना चाक नुसतं फिरत असेल तर दुसऱ्या गिअरवर सोडा, जोर कमी लागतो आणि पकड मिळते.

आणि खानापूर-जांबोटीकडच्या पावसाळ्यातल्या चिखलाशी याची तुलना करू नका. मीही तीच करत गेलो होतो. चिखलात गाडी घसरते, पण चिखलच तिला धरतोसुद्धा, दोन हात सरकून ती बसते. बर्फाची काच धरत नाही.

मोठी फोर-बाय-फोर घेऊन जाणाऱ्यांसाठी: चारही चाकं ओढणारी गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. आमच्यासमोर सर्वात आडवी झालेली गाडी तसलीच होती.

गाडीची तयारी इथं, बेळगावातच करा. आपल्याकडे हिवाळ्यात पारा दहाच्या आसपास आला तरी लोक शेकोटी पेटवतात, त्यामुळे गॅरेजवाल्याच्या डोक्यात गोठणं हा विषयच नसतो. माझ्या रेडिएटरमध्ये मागच्या सर्व्हिसला साधं पाणी ओतलेलं निघालं. पुण्यात शंका आली म्हणून बघितलं, नाहीतर मनालीत रात्री इंजिन फुटलं असतं. पाणी न मिसळलेलं कूलंट (रेडिएटरमधलं न गोठणारं द्रव) आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं भरलं तर उणे तीसच्याही खाली गोठत नाही. सगळं जुनं काढून भरून घ्या, वरून टॉप-अप चालत नाही. काच धुण्याच्या टाकीतलं पाणीही गोठतं. मैदानात भरलेलं डिझेल कडक थंडीत मेणासारखं साखळतं. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल २०१९ मध्ये आणावं लागलं ते त्यामुळेच. मनालीत टाकी भरून घेतलेली बरी.

रात्री हँडब्रेक लावून ठेवू नका, तो गोठून धरतो. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा. वायपर उभे करून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. मामा बादली घेऊन निघालेच होते, हॉटेलच्या पोऱ्यानं अडवलं. आत चार माणसांच्या श्वासानं काच धुरकटते, तेव्हा हीटर आणि एसी दोन्ही एकदम चालू करायचे. थंडीत एसी ऐकून घरचे ओरडतात, ओरडू दे. एसी हवेतला ओलावा खेचतो, दोन मिनिटांत काच मोकळी होते. टायरमधली हवा थंडीत कमी होते, दर पाच-सहा अंशांना साधारण एक पौंड. तिथं पोहोचल्यावर पुन्हा भरा, पण घसरू नये म्हणून मुद्दाम कमी करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

माझं मत विचाराल तर: आदल्या चोवीस तासांत बर्फ पडलं असेल तर स्वतःची गाडी मनालीतच ठेवा आणि तिथल्या ड्रायव्हरची गाडी करा. टॅक्सीचे पैसे टोचतील, पण टोचू देत. रस्ता मोकळा असेल आणि जाणारच असाल तर सकाळी नऊला पलचान सोडा आणि दुपारी दोनच्या आत बोगद्याच्या अलीकडे, सोलंगच्या दिशेनं असा. अडीच झाले आणि अजून सिस्सूत असाल तर चहा सोडून उठा.

मनाली सोडताना मी एक जोडी विकतच घेतली. १८५/६५ आर १५ मापाची आहे, सगळे आकडे जागेवर आहेत. गल्लीतल्या दोघांपैकी ज्याच्या टायरवर हेच माप लिहिलंय त्यानं रविवारी सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर गाडी घेऊन यावं. हातमोजे घालून, तीनदा चढवून, तीनदा काढून दाखवतो. पुढच्या चाकांना.