शिट्टीसकट

जुनी गाणी गोळा करायचं वेड मला पहिल्यापासूनचं, पण हल्ली त्याला सोवळं-ओवळं आलंय. एमपीथ्री घरात चालत नाही. फक्त फ्लॅक, म्हणजे सीडीवरचा आवाज काहीही न गाळता घट्ट घडी घातलेला. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत ४ एमबीत बसणारं गाणं इथे २५ एमबीच्या आसपास जागा अडवतं. हार्ड डिस्क भरली की मी कॉलेज रोडवर जाऊन नवी आणतो. बायको विचारते, "ऐकणार कधी?"

रास्त आहे. माझा सगळा वेळ तपासण्यात जातो. कितीदा तरी एमपीथ्रीलाच फ्लॅकचा अंगरखा चढवलेला असतो. मग स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत आवाजाचं रंगीत चित्र, काढायचा. माल अस्सल असेल तर रंग २२ किलोहर्ट्झच्या दिशेने विरत जातात. भेसळीचा असेल तर १६ च्या आसपास पट्टी ठेवून कापल्यासारखे. पन्नास-साठच्या दशकातल्या गाण्यांत तेवढ्या उंचीवर सूर असे नसतातच फारसे, नुसती खरखर असते. ती वरपर्यंत पोचलेली दिसली की मला कोण आनंद!

दिवाळीत अकरा वर्षांची भाची आली होती. तिला दाखवायला म्हणून फोनवर १५ किलोहर्ट्झचा सूर लावला. "मामा, बंद कर ना, कान दुखतोय!" ती ओरडली. मी म्हटलं, अगं, अजून लागलाच कुठे?

लागला होता. वय ५६. ज्या आवाजासाठी मी डिस्कांवर डिस्का भरतोय, तो माझ्या कानांनी कधीच सोडून दिलाय.

तरी परवा पंचवटीतल्या जुन्या घरातली एक कॅसेट निघाली. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून विविध भारतीवरून भरलेली. 'रेकॉर्ड'चं बटण दाबलं की घरात कुणी खोकायचंही नाही, असा माझा दंडक. कुकरने तो मानला नव्हता. ऐन अंतऱ्यात शिट्टी. तेव्हा मी आईवर केवढा चिडलो होतो!

हेच गाणं माझ्याकडे सीडीवरून घेतलेलं, स्वच्छ आहे. तरीही कॅसेट संगणकाला जोडली आणि शिट्टीसकट फ्लॅक केली, तीही २४ बिटमध्ये, म्हणजे सीडीहूनही बारीक मापात. आई पलीकडे कोथिंबीर निवडत होती. शिट्टी झाली तशी मान वर न करता म्हणाली, "कितवी रे ही?"