बदलून दिलात की ओ

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

केशर परत आला. केशर म्हणजे जर्बिल, उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, शेजारच्या वहिनींच्या छोटीला मीच दिलेला. सकाळी साडेनऊला, बाजाराच्या पिशवीत पिंजरा, वर जुना टॉवेल. वहिनी उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. "बदलून दिलात की ओ ताई. पिवळं होतं ते. हे तर काळं पडायलंय." एवढं म्हणून पिशवी खाली ठेवली आणि गेल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चार शब्द बोलले असते आणि दुपारपर्यंत विसरले असते.

बदलून दिलात. भाकरी थापताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. या गल्लीत चाळीस वर्षं झाली, कुणाची वाटी परत करताना आम्ही ती रिकामी दिली नाही. आणि एका लहान पोरीचा जीव मी बदलून देईन?

छोटी सोबत आली नव्हती. ते एक राहू दे.

टॉवेल काढला तेव्हा केशर कोपऱ्यात मागच्या पायांवर उभा होता आणि पाय आपटत होता. जर्बिल घाबरलं की असं करतं, लाकडावर बोटाने टकटक केल्यासारखा आवाज येतो. हातावर घेतला. शेपटीला हात लावायचा नसतो, कातडी सुटून हातात येते, म्हणून ओंजळीत. पाठ खरंच काळपट झालीय. पण बोटाने केस बाजूला केले तर आत तोच केशरी. काळेपणा फक्त केसांच्या टोकांवर आहे. मग त्याला उताणा केला, खिडकीच्या उजेडात. पोट केशरीच, पाठीपेक्षा जरा फिकं. पांढरं नाही. कुठेच पांढरं नाही.

तिथंच मला कळलं. बदललं कुणी काहीच नाही. मी ओळखायला चुकले.

वही काढून बघितली. संक्रांतीच्या दिवशी पाच पिल्लं झाली. उघडी, गुलाबी, डोळे मिटलेले, एकेक टरफलासकट शेंगेएवढं. पहिल्या दिवशी रंग कळत नाही, पण डोळे कळतात: मिटलेल्या पापणीखाली काळा ठिपका दिसला तर डोळे काळे होणार, नाही दिसला तर लाल. पाचही जणांना ठिपका होता. म्हणजे फिकट रंगांची अर्धी यादी तिथंच बाद झाली. पाचव्या-सहाव्या दिवशी चौघांची कातडी सावळी व्हायला लागली, जणू आतून शाई झिरपतेय. दोन पुढे काळे झाले, दोन आईसारखे अगूटी. अगूटीचा एकेक केस तीन रंगांचा असतो, बुडाशी राखाडी, मध्ये पिवळा, टोकाला काळा, आणि पोट पांढरंशुभ्र. पाचवं मात्र गुलाबीच राहिलं आणि आठवड्याने त्याच्यावर पिवळसर लव आली. अठराव्या दिवशी डोळे उघडले तेव्हा ते संत्र्याच्या सालीसारखं दिसत होतं. माझ्या अक्षरात पुढे लिहिलंय: 'मधाळ, काळ्या डोळ्यांचा. नक्की.'

नक्की. त्या शब्दाखाली दोन रेघा पण ओढल्यात मी.

त्याच पानाच्या मागे चौकट आहे, आई-बापाकडून पिल्लाला कोणते रंग मिळू शकतात त्याची. रंगाचं जनुक जोडीने असतं, एक आईकडून, एक बापाकडून; मोठ्या अक्षराचं एक असलं तरी दिसतं, छोट्या अक्षराची दोन्ही असली तरच. बाप काळा, म्हणजे अंगभर एकच रंग करणारा छोटा ए त्याच्याकडे दोन्ही. आई अगूटी, पण तिला काळी पिल्लं होतात, म्हणजे एक मोठा ए, एक छोटा. आणि मागच्या वेतात एक मधाळ पिल्लू निघालं होतं, म्हणजे काळा रंग मागे सारणारा छोटा ई दोघांकडेही एकेक लपलेला. आईकडून चार तऱ्हा, बापाकडून दोन, आठ घरं झाली. तीन घरांत अगूटी. तीन घरांत काळा. एका घरात मधाळ. आणि एका घरात जायफळी. इंग्रजीत नटमेग म्हणतात त्याला. छोटा ए पण दोन, छोटा ई पण दोन.

मधाळ एक, जायफळी एक. दोघांना सारखीच संधी. माझ्याच हाताने लिहिलेलं.

आणि लहानपणी दोघं सारखेच केशरी दिसतात. जायफळी पिल्लाची लहानपणची लव झडून सुमारे आठ आठवड्यांनी दुसरा कोट येतो, तेव्हा पाठीवर काळी टोकं उगवतात. त्याआधी फरक कळायची खूण एकच, पोट. मधाळाचं पांढरं, जायफळीचं अंगाच्याच रंगाचं. मी पोट बघितलं होतं का? बघितलं होतं. तेराव्या दिवशी, रात्री, ट्यूबलाइटखाली, लव अजून दाट नसताना. फिकट वाटलं. 'पोट पांढरट' असं लिहिलंय. पांढरट. तिसऱ्या आठवड्यात दिवसाउजेडी पुन्हा बघायला हवं होतं. बघितलं नाही, कारण तोवर मी छोटीला सांगून बसले होते.

तिला पिवळंच हवं होतं. रोज शाळेतून आली की दप्तरासकट माझ्याकडे, पिल्लं किती मोठी झाली बघायला. नाव पण तिनेच ठेवलं. एकदा विचारलं होतं तिने, "मावशी, हा मोठा झाल्यावर पण असाच पिवळा राहील?" आणि मी म्हणाले, "राहील." आठपैकी दोन घरांतलं एक घर मी तिच्यासाठी निवडलं. माहीत नव्हतं म्हणून चुकले असते तर एवढं लागलं नसतं.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. आता त्यांना सगळ्या गोष्टी लागत नाहीत, अर्धं ऐकून झोपतात, पण रंगाचं म्हटल्यावर कान टवकारले. तीस वर्षं डाइंगला काढली त्यांनी. मी लहान असताना डबा घेऊन जायचे तेव्हा बघितलंय, सुताची लडी हौदातून बाहेर आली की मालक विचारायचा, "काय अण्णा, जमला का रंग?" अण्णा उत्तरच द्यायचे नाहीत. लडीतला एक धागा तोडायचे, पिळायचे, बॉयलरच्या पाइपावर वाळवायचे, दारात उन्हात नेऊन नमुन्याशेजारी धरायचे आणि मग बोलायचे. ओला रंग गडद दिसतो, वाळला की उतरतो. ट्यूबलाइटखाली जुळलेला उन्हात जुळत नाही. मग पांढरी चिंधी ओली करून घासायचे, रंग सुटतो का बघायला. सोलापुरी चादर घेताना गिऱ्हाईक आजही पहिला प्रश्न तोच विचारतं, रंग पक्का आहे ना?

अण्णा सगळं ऐकून म्हणाले, "घाई केलीस." मग थोड्या वेळाने, "खायला दिलंस का त्याला?"

दिलं होतं. बाजरी, राळं, चार बिया सूर्यफुलाच्या.

दुपारी मागच्या दारी वहिनींची सासू भेटली, तिच्याकडून बाकीचं कळलं. रंगपंचमीनंतर पाठीवर काळं दिसायला लागलं तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, पोरांनी रंग लावला. म्हणून धुतलं त्याला. साबण लावून, मोरीत, दोन वेळा. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. हा मंगोलियातल्या कोरड्या माळरानावरचा जीव. अंग साफ करायचं तर वाळूत लोळतो, पाणी अंगावर घेत नाही, भिजला की गारठतो. नशीब आपल्या सोलापूरचं ऊन, मार्चमध्येच दगड तापतो, वाळला असेल लवकर. रंग जात नाही म्हटल्यावर आजार वाटला. आजार नाही म्हटल्यावर, बदलून दिलं. त्यांच्या जागी मी असते तर तिसऱ्या विचाराला पोचले नसते का? एक वस्तू पिवळी घेतली आणि ती दीड महिन्यात काळी झाली, तर देणाऱ्याकडेच बोट जाणार.

पण तरी. मला एकदा विचारायचं होतं हो. चाळीस वर्षांत एकदा.

(हे लिहून मघाशी तासभर बसले होते. चहा केला. पुन्हा बसलेय.)

जाऊन सांगावं का, हा विचार करतेय. काय सांगू? छोटा ए, छोटा ई? दारात उभी राहून म्हणू का की हे पिल्लू जन्मायच्या आधीपासून असंच होणार होतं, साबणाने जाणार नव्हतं आणि कुणी लावलेलंही नव्हतं? की या जातीचे पाळीव जर्बिल बहुतेक सगळे १९३५ साली आमूर नदीच्या खोऱ्यात पकडून जपानला नेलेल्या वीस जोड्यांपासूनचे, आणि त्यांच्याच वंशातल्या अकरा जोड्या १९५४ मध्ये अमेरिकेला गेल्या, म्हणजे मूळ घराणं इतकं लहान की लपलेला रंग लपलेल्या रंगाला कधी ना कधी भेटतोच? मला हे सगळं सांगायला आवडतं. कुणी विचारलं तर मी रात्रभर सांगेन. पण वहिनींना ते ऐकायचं नाहीये. त्यांना ऐकायचंय की ताई चुकल्या. आणि ते खरंच आहे. मग तेवढंच सांगायला काय जड जातंय, ते मला दिवसभर कळत नव्हतं. आता थोडं कळतंय. 'मी फसवलं नाही' हे आधी सांगायची घाई आहे मला, आणि 'मी चुकले' हे नंतर. उलटं सांगायला हवं.

मला खरा घोर केशरचा आहे. गेला तेव्हा सहा आठवड्यांचा होता, आता बारा. त्याचा भाऊ भुंगा इथंच आहे, एकटा, कारण अगूटी भाऊ अक्कलकोटला गेला. वाटतं, सख्खे भाऊ, टाका एकत्र. तसं करता येत नाही. जर्बिल एकमेकांना वासाने ओळखतात. सहा आठवडे दुसऱ्या घरात राहून आलेला, त्यात साबणाने धुतलेला केशर भुंग्याला परकाच. थेट सोडले तर चेंडूसारखे गुंतून भांडतील आणि एखादा मरेल. मागे एकदा पाहिलंय, पुन्हा बघायचं नाही.

म्हणून काचेच्या टाकीत मधोमध बारीक जाळी उभी केली, कडेला फट राहू नये म्हणून लाकडी पट्ट्या ठोकल्या. एकीकडे केशर, एकीकडे भुंगा. दर काही तासांनी दोघांच्या बाजू अदलाबदल करायच्या, म्हणजे एकाच्या अंथरुणात दुसरा झोपतो आणि वास मिसळतो. साधारण आठवडाभर. फुटक्या माठाचे दोन तुकडे दोन्हीकडे पालथे घातलेत, ऊन वाढलंय, त्याखाली गार राहतं.

पहिल्या अदलाबदलीला भुंग्याने जाळी चावली. दुसऱ्या वेळी केशरने त्याचं सगळं गवत उकरून एका कोपऱ्यात लोटलं. तिसऱ्या वेळी दोघं जाळीला नाक लावून बराच वेळ नुसते उभे राहिले, मिशा हलताहेत, बाकी काही नाही. मी आणि अण्णा दोघं बघत होतो. दिव्याच्या उजेडात केशरची पाठ जायफळासारखीच दिसते, किसणीवर एकदा घासलेलं, वर करडं आणि आत तांबूस. ज्याने कुणी ते नाव ठेवलं त्याने नीट उजेडात बघून ठेवलं असणार. मला तर तो आधीपेक्षा देखणा वाटला. हे छोटीला दाखवायचं होतं.

वहीत 'मधाळ' खोडलं. पूर्ण काळं नाही केलं, वाचता येईल असं खोडलं, आणि शेजारी जायफळी लिहिलं, आजची तारीख घालून. 'नक्की'वर पण रेघ मारली. 'पांढरट' तसंच ठेवलंय.

उद्या सकाळी शेंगाची चटणी कुटायची आहे. वहिनींची वाटी गेल्या आठवड्यापासून माझ्याकडेच आहे. चटणी भरून नेईन, आणि छोटी असेल तर तिला विचारेन केस बाजूला करून आत बघायचंय का म्हणून. तो परत तिच्याकडेच जायला हवा असं नाही. भावासोबत जमलं तर इथंच राहील, ती येऊन बघेल.

दोन वाजता बाजू बदलायच्या आहेत. गजर लावलाय. अण्णा म्हणाले मलाही उठव.